ओलिसाचा आवाज

टेक परत वाजवला तेव्हा आधी मला वाटलं, कानसेननं चुकून माझा फोन जोडलाय. हेडफोनमध्ये खारू बोलत होती. "हो, हो. छान आहे सगळं. काळजी नको करूस." मी काचेपलीकडे बघितलं. कानसेन, म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट, नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता. पडद्यावर एक परकी बाई होती. केस कपाळाला चिकटलेले, कानाशी फोन, मानेला पिस्तुलाची नळी. ओठ तिचे, वाक्य स्क्रिप्टमधलं आणि आवाज माझा. यात खारूचा काय संबंध? खारू माझी मुलगी. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याबरोबर सुखात राहतेय. निदान मी लोकांना तसं सांगते, आणि लोक मला नशीबवान म्हणतात. "बाई, अंगावर काटा आला!" हेडफोनमध्ये डायरेक्टर ओरडला. पोरगेलासा आहे, त्याला कशानंही काटा येतो. "रडणं नाही, थरथर नाही, आणि तरी काय भीती! कुठून आणता हो हे?" एरवी मी काहीतरी टोला हाणला असता. घरच्या गिरणीत दळते, असं काहीतरी. पण ते 'कुठून आणता' डोक्यातून जाईना.

मी ओलीस आहे. धंद्यानं. परदेशी मारधाडीचे सिनेमे आपल्या भाषेत करतात ना, त्यात विमान पळवलं तरी मी असते आणि जहाज पळवलं तरी मी असते. बोगद्यात अडकवलेली गाडी, बंद पडलेली लिफ्ट, एकदा तर पाणबुडी. माणसं कोंडायची म्हटलं की मला बोलावणं येतं. हिरॉइनला वेगळी पोरगी असते. मी मागच्या सीटवरची, 'प्लीज, माझ्या मुलाला काही करू नका' म्हणणारी. सुरुवातीला आया, नर्सा, साबणाच्या जाहिरातीतल्या सासवा असं काय वाट्टेल ते केलं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बाई घाबरते छान. घाबरण्याची एक रीत असते. तोंडाला पट्टी असेल तर रुमाल दातांत धरून बोलायचं. धावून लपलेली बाई असेल तर टेकच्या आधी जागच्या जागी उड्या मारायच्या. गळ्याला सुरी असेल तर आपलाच हात आपल्या गळ्याशी जरा जोरात धरायचा. बूथमध्ये पंखा नाही, खिडकी नाही, भिंतींना काळा स्पंज, दार असं जाड की लागलं की कानात दडे बसतात. घड्याळ, कानातलं, सगळं बाहेर काढून ठेवायचं, कारण माईकला किणकिण चालत नाही. आजच्या सिनेमात रोपवेचा डबा पळवलेला होता. दरीच्या मधोमध डबा लोंबकळतोय, आत माणसं, आणि पिस्तुलवाला या बाईला सांगतो, घरी फोन कर, सगळं छान आहे म्हण, चलाखी केलीस तर बघ.

हा फोनचा प्रसंग या सगळ्या सिनेमांत असतोच. पूर्वी तो मला मुळीच जमायचा नाही. मी आवाज कापरा करायची, हुंदका गिळायची, आणि कानसेन काचेमागून हात वर करायचा. त्याचा हात वर झाला की थांबायचं. "ताई, असं बोलल्यावर घरच्यांना कळणार नाही का? ते काय बहिरे आहेत?" म्हणायचा. कानसेनला एखादा टेक पटला तर तो "ओके, हा ठेवतो" म्हणतो. उगाच कधी म्हणत नाही. डायरेक्टर नाचत असला तरी कानसेनचं 'हा ठेवतो' आल्याशिवाय मी बूथबाहेर पाय टाकत नाही. तर गेल्या वर्षी कधीतरी अचानक मला ती गोम सापडली. कापायचं नाहीच. सपाट बोलायचं, जरा गोड, जरा घाईनं. 'हो' दोनदा म्हणायचं आणि मग एवढीशी फट सोडायची, शेजारी उभ्या असलेल्याकडे नजर टाकून परवानगी घेतल्यासारखी. श्वास वाक्याआधी घ्यायचा नाही, वाक्याच्या मध्येच, चोरून. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा कानसेननं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं होतं आणि हळूच म्हणाला होता, "हा ठेवतो." मी घरी जाताना स्वतःसाठी पेस्ट्री घेतली होती. या वयात आपल्याला काहीतरी नवं सुचलं म्हणून काय फुशारले होते मी! नवं कसलं डोंबल. ते मी रोज संध्याकाळी ऐकत होते.

कारण खारू आधी अशी बोलायचीच नाही. लहानपणी गालात खाऊ भरून हिंडायची म्हणून खारू, आणि बोलायचीही तशीच, तोंड भरून. फोन लावला की पलीकडून आधी आरडाओरडा, "अगं आई, ऐक ना, आधी माझं ऐक," मग माझं आणि तिचं एकाच वेळी बोलणं, मग भांडण. मी तिला पसारा करते म्हणून बोलायची, ती मला मी रडकी कामं घेते म्हणून. लग्नानंतर थोडे दिवस ते चाललं. मग भांडणं कमी झाली. मग फोनवर जावई आधी बोलायला लागले, "नमस्कार आई, स्पीकरवर टाकतो हं," आणि मागून खारू, "हो, हो. छान आहे सगळं." माझ्याशी भांडायची ती थांबली आणि मला वाटलं, पोरगी संसाराला लागली. शहाणी झाली. तिच्या एका मैत्रिणीनं मध्ये मला विचारलं होतं, खारू भेटत का नाही कुणाला, तर मीच जावयांची बाजू घेतली. किती सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहून मी त्या फोनच्या वाक्याचा सराव केला. हो, हो. छान आहे सगळं. मी आई म्हणून ते कधी ऐकलंच नाही. मी ते नुसतं उचललं. आमच्या जातीला ही खोडच असते. प्रेतयात्रेत कुणी हंबरडा फोडला तरी आमचा एक कान त्याची पट्टी बघत असतो.

"बाई, पुढचा तुकडा घ्यायचा?" डायरेक्टरनं विचारलं. पडद्यावर ती बाई फोन ठेवताना गोठली होती, तोंड अर्धवट उघडं. तिच्या 'हो' नंतर फट होती, कारण शेजारी पिस्तुलवाला उभा होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. खारू कुणाकडे बघते? एवढा साधा प्रश्न. बूथमधली हवा एकदम संपल्यासारखी झाली. मी हेडफोन काढले, ते जाड दार ढकललं आणि बाहेर आले. डायरेक्टर लगबगीनं चहा सांगायला गेला, त्याला वाटलं माझी शुगर उतरली. मी कानसेनच्या शेजारच्या खुर्चीत बसले. म्हटलं, "अरे, हा आवाज माझा नाही. खारूचा आहे. ती फोनवर अशी बोलते." तो आधी हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. टेक मागे नेला, एकदा ऐकला, परत ऐकला. मग माझ्या फोनकडे हात केला. मी नंबर लावला. त्यानं आपले हेडफोन माझ्या फोनला जोडले, एक बाजू स्वतःच्या कानाला लावली आणि एक मला दिली.

"खारू, काय करतेयस गं?"

"काही नाही. बसलेय."

"जावई कुठेत?"

"ऑफिसात."

"बरी आहेस ना?"

"हो, हो." ती फट. "छान आहे सगळं. काळजी नको करूस."

कानसेनचा हात वर गेला होता. फोन बंद झाल्यावरही त्यानं तो खाली घेतला नाही. "ताई," तो म्हणाला, "दुसरा श्वास आहे. अगदी जवळ. पुरुषाचा. तुम्ही 'जावई कुठेत' विचारलंत ना, तेव्हा तो श्वास थांबला." इतकी वर्षं या माणसाच्या कानाचं मी कौतुक केलंय, पण त्या क्षणी ते दोन्ही कान उपटून फेकून द्यावेत असं मला वाटलं. त्याला चुकीचं ऐकू आलं असतं तर काय बिघडलं असतं? "मी येतो बरोबर," तो उठला. मी नको म्हटलं. आईनं लेकीकडे जायचं, त्यात रेकॉर्डिस्ट कशाला, उगाच तमाशा. माझ्या मनात अजून ते 'उगाच' होतं बघा. दोन श्वास ऐकले तरी आपलं आधी शोभेचं बघायचं. त्यानं खारूचा पत्ता मात्र माझ्याकडून लिहून घेतला. "पोचल्यावर मला फोन करा. नाही केलात तर मी करतो."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. भर दुपार, रस्त्यावर लख्ख ऊन, दुकानांच्या पायऱ्या धुतलेल्या, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. सगळं असं नेहमीसारखं चाललेलं बघून मला राग येत होता. प्रत्येक थांब्यावर दारं फुस्स करून मिटत आणि ती पुन्हा उघडेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत राहत होते. वर्षानुवर्षं मी बंद दारांमागे किंचाळत आले आणि काम संपलं की पैसे घेऊन भाजी आणायला गेले. खारू लहान होती तेव्हा मी घरी गोधडीखाली तोंड घालून किंचाळण्याचा सराव करायची, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. ती गोधडीचं टोक उचलून आत डोकवायची आणि गंभीर चेहऱ्यानं निकाल द्यायची, "आई, खोटं वाटतंय." एकदा लपाछपी खेळताना ती कपाटात अडकली. कडी बाहेरून पडली होती. मी सगळं घर पालथं घातलं, हाका मारून घसा बसला, आणि कपाट उघडलं तर ही आत गुडघ्यांत मान घालून बसलेली, डोळे टक्क उघडे, तोंडातून आवाज नाही. "ओरडलीस का नाहीस गं?" मी तिला धपाटा घातला आणि मग रडले. ती म्हणाली, "खरं घाबरल्यावर ओरडता येत नाही, आई." हे मी पुढे मुलाखतीतसुद्धा सांगितलं. लोक हसले होते.

तिची बिल्डिंग स्वच्छ. जिन्यात कुंड्या, भिंतीवर 'शांतता राखा'. मी बेल दाबली. आत काहीतरी हललं, मग बराच वेळ काही नाही, मग किल्ली फिरल्याचा आवाज. आतून, किल्लीनं लावलेलं दार. ऑफिसात असलेले जावई दारात उभे होते, घरच्या कपड्यांत, हसतमुख. "अरे, आई! न कळवता?" मी म्हटलं, "इकडे आले होते, म्हटलं डोकवावं." "या ना, या. आज घरूनच काम." मी आत आल्यावर त्यांनी दार लावलं, किल्ली फिरवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "इथे चोऱ्या फार होतात हो." मग माझ्या हातातला फोन हलकेच घेतला. "द्या, चार्जिंगला लावतो." फोनला चार्जिंग भरपूर होतं. मी ते म्हणाले नाही. का म्हणाले नाही? विमानातल्या बायकांना मी किती नावं ठेवली असतील, एवढी माणसं आणि एका माणसाचं ऐकतात, उठून एक ठेवून का देत नाहीत त्याच्या तोंडात. सभ्य माणसानं हात पुढे केला की आपण फोन देतो. इतकं सोपं असतं ते.

खारू आतून आली. वाळली होती. आधी तिनं जावयांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "आई," एवढंच म्हणाली. मी तिला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी उभी राहिली. पडदे ओढलेले, टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी मारधाड चाललेली. "तुमचाच बघत होतो," जावई म्हणाले. "तो जहाजवाला. कसलं घाबरता हो तुम्ही! मी हिला सांगत असतो, आईकडून शीक जरा." ते मनापासून हसले. मी हात धुवायच्या निमित्तानं आत गेले. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं होती. बाथरूमच्या दारालाही तीच भोकं. मी नळ सोडून त्या भोकांवरून बोट फिरवत उभी राहिले. लाकडाचा भुसा अजून कडेला होता. भीतीनं तोंडाला कोरड पडते, हे मी कितीदा करून दाखवलंय, कोमट पाणी पिऊन, सफरचंद चावून ती घालवलीय. खरी कोरड पडली तेव्हा जीभ टाळूपासून सुटेना.

बाहेर येऊन मी जमेल तेवढ्या सहज म्हटलं, "हिला चार दिवस घेऊन जाते म्हणते. मला करमत नाही एकटीला."

"न्या की," जावई म्हणाले. "तिला विचारा."

खारूनं त्यांच्याकडे बघितलं. "नको, आई. इथे छान आहे."

"बघा!" त्यांनी हात पसरले. "उलट तुम्हीच राहा ना. एकट्याच तर असता. घरी तुमची वाट बघणारं कोण आहे?" हे सगळं त्याच गोड आवाजात. मी पिशवी उचलली, म्हटलं, निघते, उशीर होईल. ते जागचे हलले नाहीत. खिशावर, किल्ली होती तिथे, तळहात ठेवून म्हणाले, "बसा हो. चहा होतोय. घाई काय आहे?" आणि मी बसले. उभ्या उभ्या दाराकडे बघितलं, परत बसले. दुसऱ्या हातानं त्यांनी खारूचं मनगट धरलं होतं, कौतुकानं धरावं तसं. तिची बोटं पांढरी पडत होती आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटत नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्यांच्या दुसऱ्या खिशात. त्यांनी काढून नाव वाचलं. "कानसेन. हा कोण बुवा?"

"स्टुडिओतला. काम अर्धं टाकून आले मी."

"मग बोला ना. नाहीतर बिचाऱ्याला काळजी लागेल." त्यांनी स्पीकर लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला, बरोबर माईक धरतात तेवढ्या अंतरावर. मनगट सोडलं नाही. कानसेनचा आवाज आला, "ताई, पोचलात का? सगळं ठीक ना?" माझ्याजवळ किंकाळ्या होत्या. सगळ्या प्रकारच्या, मापात बसणाऱ्या, लोकांच्या खुर्च्या हलवणाऱ्या. त्यातली कुठलीही मारता आली असती. पण कानसेन शहराच्या त्या टोकाला आणि खारूचं मनगट इथे. जावई माझ्याकडे बघत होते, भुवया किंचित उचलून, कौतुकानं वाट बघत होते. मग मी श्वास घेतला नाही. सपाट बोलले. जरा गोड, जरा घाईनं.

"हो, हो." फट सोडली. जावयांकडे बघितलं. त्यासाठी मला काही करावं लागलं नाही, नजर आपोआप गेली. "छान आहे सगळं. काळजी नको करूस."

पलीकडे तो डोळे मिटून बसला असणार हे मला दिसत होतं. मग तो म्हणाला, "ताई, आवाज तुटतोय. पुन्हा एकदा म्हणता?"

मी पुन्हा म्हटलं. तेच, तसंच, त्याच जागी श्वास चोरून. आणि खारूनं मान वर केली. तिनं तिचा आवाज माझ्या तोंडून ऐकला होता. मी आल्यापासून पहिल्यांदाच तिनं जावयांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. कपाटात होते तसे तिचे डोळे टक्क उघडे होते.

"ओके," कानसेन म्हणाला. "हा ठेवतो." फोन बंद झाला.

"काय ठेवतो?" जावयांनी विचारलं.

"टेक. आमचं कामाचं बोलणं असतं."

"मजा आहे बुवा तुम्हा लोकांची." ते हसले, फोन खिशात टाकला, खारूचं मनगट सोडलं आणि चहा बघायला आत गेले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी उघडंच ठेवलं, तिथून आम्ही त्यांना दिसत होतो. खारू माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या मनगटावर बोटांचे ठसे हळूहळू लाल होत होते. ओठ न हलवता, मला जेमतेम ऐकू येईल असं ती म्हणाली, "खरं वाटलं, आई."

मी तिचा हात माझ्या पदराखाली घेतला. आत कपांत चमचा फिरत होता. टीव्हीवर आवाजाशिवाय माणसं हात वर करून उभी होती. बाहेर जिन्यात लिफ्ट खाली गेली, दार मिटलं, मग बराच वेळ काही नाही. कानसेन निघाला असेल. एकटा निघाला असेल की कुणाला घेऊन, किती लवकर येईल आणि तोवर चहा किती वेळ पुरेल, याचा मी विचार करत होते. "साखर किती घेता आई?" आतून आवाज आला. "थोडीच," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी दाराकडे न बघता बसून राहिलो.